बंगला विकणे आहे

कोकणातल्या एखाद्या गावी पाखाडी चढून वर आले, की गडग्यावर टेकवलेल्या पत्र्यावर 'बंगला विकणे आहे' ही अक्षरे अलीकडे वरचेवर दृष्टीस पडतात. गावकरी ज्याला पिढ्यान् पिढ्या नुसते 'वरचे घर' म्हणत आले, त्याला बंगला म्हणणे प्रथम कानाला खटकते. परंतु बंगालातील घरांवरून इंग्रजांनी उचललेला आणि पुढे आपल्या भाषेत रुळलेला हा शब्द जर चारही बाजूंनी मोकळ्या, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत न लागलेल्या घराचा वाचक असेल, तर तो या वास्तूला यथार्थच शोभतो. देशावरच्या गावठाणात घराला खेटून घर असते. कोकणात मात्र पुढे खळे, मागे माड-पोफळी आणि मध्ये आपल्या जोत्यावर स्वतंत्र उभे असलेले घर, अशीच वस्तीची धाटणी आहे.

खाणीतून काढताना मऊ असणारा आणि वारा लागताच कठीण होत जाणारा जांभा दगड हा या घराचा देह, आणि बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कारखाना घातल्यापासून किनाऱ्याने वर सरकत आलेली चपटी मंगळुरी कौले हे त्याचे छत्र. मात्र हे घर राबत्याचे आहे. पावसाळ्यापूर्वी शाकारणी झाली नाही, एक कौल सरकले, तर त्या वाटेने आलेले पाणी दोनतीन वर्षांत वासा कुजवते; चुलीचा धूर बंद झाला की माळ्यावरच्या लाकडाला वाळवी गाठते. गणपतीला आणि शिमग्याला तेवढे उघडणारे घर जे विकायला काढतात, त्यांना कृतघ्न म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण कुलूपबंद वास्तू डोळ्यांदेखत खचताना पाहण्याचे दुःख विक्रीच्या दुःखाहून लहान नसते.

विक्रीची खरी अडचण भिंतींत नसून दप्तरात असते. घर ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ मध्ये, म्हणजे आकारणीच्या नोंदवहीत, बहुधा आजोबांच्या नावे असते. पण तो उतारा घरपट्टीपुरता, मालकी सिद्ध करण्यास पुरेसा नव्हे. २४ एप्रिल २०२० रोजी आरंभलेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकतपत्रिका दिल्या जातात खऱ्या, परंतु ती योजना गावठाणातील घरांसाठी आहे, आणि कोकणातील विखुरलेल्या वाड्यांतली कितीतरी घरे गावठाणाबाहेर, सातबाराच्या जमिनीत उभी आहेत. तेथे जमीन बिनशेती झालेली नसेल, तर १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ आडवे येते व शेतकरी नसलेल्या ग्राहकास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती घेता येत नाही. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असल्यास परवानगीचा प्रश्न ग्राहक शेतकरी असला तरीही उभा राहतो. इसार देण्यापूर्वी हा उतारा वाचला नाही, तर पुढचे सारे श्रम व्यर्थ जाण्याचा संभव असतो.

याहून नाजूक प्रश्न वारसांचा. आजोबांच्या पश्चात वारसनोंद झालेली नसते, किंवा झाली तर मुलग्यांचीच होते, आणि सासरी गेलेल्या आत्या-बहिणींची नावे कोणाच्या स्मरणातही नसतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वारस मानलेच होते; ९ सप्टेंबर २००५ पासून ती जन्मतःच मुलाच्या बरोबरीची सहदायाद ठरली, आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात निःसंदिग्ध केले. एखाद्या भावाने परस्पर आपला हिस्सा परक्यास विकला, तरी अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात त्या खरेदीदारास सामाईक कब्जा मागता येत नाही, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ सांगते. त्याला वाटपाचाच मार्ग धरावा लागतो. म्हणून सर्वांच्या सह्या हव्यात. मात्र भाऊबीजेला आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकवून 'एवढी सही कर' म्हणण्याची जी रीत पडली आहे, ती मला मनापासून सलते. तिचा हिस्सा किती, घराची किंमत काय आली, हे तिला आधी सांगावे. मग तिने हक्क सोडला तर ते तिचे औदार्य, घेतला तर तिचे न्याय्य देणे.

खरेदीखत नोंदवताना चतुःसीमा लिहावी लागते, आणि ती पुष्कळदा जुन्या दस्तावरून जशीच्या तशी उतरवली जाते. पूर्वेस ज्याचे नाव असते तो माणूस चाळीस वर्षांपूर्वी वारलेला असतो. विहीर दोन घरांत सामाईक असते आणि तिच्याकडे जाणारी पायवाट शेजाऱ्याच्या परड्यातून जाते, तिचा कागदावर मागमूस नसतो. ही वहिवाट आजवर ओळखीवर चालली. नवा मालक परगावचा असला, की पहिल्याच उन्हाळ्यात त्या विहिरीवरून तंटा उभा राहू शकतो. तेव्हा मसुदा पक्का होण्यापूर्वी मालक, ग्राहक आणि लगतचे शेजारी यांनी एकदा गडग्याच्या कडेने पायी फिरावे, आणि हद्दीचा दगड कोणता, रहाट कोणाचा, पाण्याची पाळी कशी, हे त्या म्हाताऱ्या शेजारणीकडून समजून घेऊन दस्तात लिहून घ्यावे, जी अजूनही त्याच वाटेने घागर घेऊन येते.