पाच किलोचा हात, पाचशे किलोचा घोडा

सुरतेहून तापीच्या काठाने उलट्या दिशेला, पूर्वेकडे निघालं की उकाई, मग प्रकाशा आणि त्याच्यापुढे सारंगखेडा लागतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा असे नाना जातींचे घोडे येतात आणि गिऱ्हाइकांत गुजरातचे शौकीन पुष्कळ असतात. दात बघतात, भोवरे बघतात, रेवाल चालवून बघतात, किमतीवर तासन्‌तास घासाघीस करतात. लगाम मात्र बहुधा दोन मिनिटांत ठरतो. घोडा जोरदार आहे ना, मग लगाम कडक द्या!

हा हिशेब सरळ वाटतो, पण भौतिकशास्त्राला तो मान्य नाही. भरधाव घोड्याला लगाम थांबवतो, असं आपण धरून चालतो. आता असं बघा, स्वार त्याच घोड्याच्या पाठीवर बसलेला आहे. त्याने पाच किलोच्या जोराने लगाम मागे ओढला, तर तेवढाच जोर त्याचं शरीर रिकिबीतून आणि खोगिरातून घोड्याला पुढे लावतं. घोडा आणि स्वार मिळून बेरीज शून्य. वेग कमी करणारं बळ फक्त खूर आणि जमीन यांच्यामधून येतं. म्हणजे घोडा थांबतो तो आपला आपण, मागचे पाय पोटाखाली घेऊन. लगामाचं काम त्याला निरोप देण्यापुरतं.

निरोप पोचतो कुठे, तेही बघायला हवं. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत एक मोकळी जागा असते. लगामाची लोखंडी कांडी, म्हणजे कडियाळं, तिथे बसतं. ती जागा जणू त्याच्याचसाठी केली आहे असं वाटतं, पण तिथे जबड्याच्या हाडाची धार आहे आणि तिच्यावर पातळ त्वचेखेरीज काही नाही. तोंड मिटलेलं असताना आतली जवळजवळ सगळी पोकळी जिभेनेच भरलेली असते, त्यामुळे कांडीचा पहिला दाब जिभेवर येतो. अमेरिकेतल्या हिलरी क्लेटन यांनी क्ष-किरणांनी चालत्या तोंडाचं चित्रण केलं, तेव्हा घोडे जीभ मागे घेताना, तिच्यावर कांडी उचलून धरताना, दाढांत पकडताना दिसले. स्वार म्हणतो ‘तोंडाचा कठीण आहे’. घोडा बिचारा दुखरी जागा वाचवत असतो.

आता कडक लगामाचं गणित. पेलमसारख्या लगामाला दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या असतात आणि हनुवटीखालून साखळी जाते. समजा दांडीचा कांडीच्या वरचा भाग ४ सेंटिमीटर आणि खालचा ८. खालच्या टोकाला ५ किलोचा ताण दिला, की तरफेच्या नियमाने साखळीवर १० किलो येतात आणि कांडीवर १५. खालचा जबडा या दोघांत सापडतो, अडकित्त्यात सुपारी सापडावी तसा. गंमत अशी, की १५ मागच्या दिशेला आणि १० पुढच्या, म्हणजे डोक्यावरचा निव्वळ ओढा तोच, ५ किलोचा. तरफेने जास्तीचं दिलं ते फक्त चिमटणं. काटेरी लगामात तर हा दाब टोकांवर एकवटतो. दुखलं की पळायचं, हा शिकार होणाऱ्या प्राण्याचा स्वभाव. दुखणं तोंडातच असेल तर पळून सुटका नाही, हे त्याला कसं कळावं? म्हणून काही घोडे कडक लगामाने आणखी उधळतात.

मग असा लगाम इतका रुळला कसा? सुरतेने मोठी घोडदौड पाहिलेली आहे. ५ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराजांची फौज गणदेवीला, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटरवर आल्याची बातमी शहरात पोचली आणि दुसऱ्या दिवशी ती बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर होती. लहान चणीचे, काटक दख्खनी घोडे, वाटेत झाडी आणि नाले. शिवाय घोडा कळपातला प्राणी, पुढचा पळाला की मागचा जोर करणारच. स्वाराच्या एका हातात भाला किंवा तलवार, लगामाला उरला एकच हात. चटकन वळवायचं आणि थोपवायचं तर तीव्र लगाम सोयीचा. हिंदुस्थानात काटेरी लगाम इतका रुळला त्यामागे हे एक कारण असावं. मात्र तशी गरज आज कुणाला आहे?

ग्रीक सेनानी झेनोफन याने इ. स. पूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. तो सांगतो की, निदान दोन लगाम ठेवा, एक गुळगुळीत आणि एक खरखरीत. खरखरीताचा उपयोग घोड्याने कांडी दातात धरू नये एवढ्यापुरता. गुळगुळीतावर आल्यावर त्याला सैल हात बक्षीस म्हणून मिळायला हवा. योग्य क्षणी लगाम सैल सोडला की घोडा शिकतो, हे वर्तनशास्त्र आज वेगळ्या शब्दांत सांगतं. न सुटणारा दाब त्याला काहीच सांगत नाही.

क्रॉस-कंट्रीत, म्हणजे मोकळ्या मैदानावरच्या अडथळ्यांच्या दौडीत, हे तोलाने पाळणं सर्वांत अवघड. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचा स्वार फवाद मिर्झा ज्या इव्हेंटिंगमध्ये २३वा आला, त्याचाच ही दौड एक भाग. वरच्या पातळीवर मिनिटाला ५७० मीटर, म्हणजे ताशी ३४ किलोमीटरचा वेग ठेवून उंचवटे, पाणी, ओंडके ओलांडायचे. उभ्या घोड्याचंही निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं. दमला की तो आणखी पुढे झुकतो आणि स्वाराच्या हातावर रेलतो. स्वार धरून बसला तर त्याला पाचवा पाय मिळाल्यासारखं होतं. म्हणून लगाम निवडण्याआधी घोडा कशाने जोर करतोय ते बघावं. डोकं खाली घालून रेलणाऱ्याला डोकं वर उचलायला लावणारा गॅग लगाम कधी उपयोगी पडतो, पण डोकं आधीच आभाळाकडे नेणाऱ्याला तो उलटा. त्याला हनुवटीच्या साखळीचा पेलम, तोही दोन वाद्यांचा, बेताने लावला तर चालतो. साधी वादी रोजच्या संवादाला, तरफेची वादी अडचणीच्या क्षणाला. मान फार आत वळवून घेऊ नये. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, भरधाव असताना एका झेपेमागे एक, आणि मान दुमडली की त्याची श्वासवाट अरुंद होते.

जाडीचा प्रश्न मात्र मला चकवून गेला. जाड कांडी मऊ, बारीक कांडी कडक, असं स्वार सर्रास मानतात. फिनलंडमध्ये क्रॉस-कंट्रीनंतर २०८ घोड्यांची तोंडं तपासली, तेव्हा ५२ टक्क्यांच्या तोंडात ताज्या जखमा निघाल्या. अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम ते गंभीर जखमांचा धोका १० ते १३ मिलिमीटरच्या बारीक कांड्यांना जास्त होता आणि १८ ते २२च्या जाड कांड्यांनाही. १४ ते १७च्या मधल्या कांड्या त्या मानाने बऱ्या. जाड कांडीचं कारण बहुधा हे, की मुळात जागाच नाही, तिथे जाड लोखंड मावणार कुठे.

काटेरी लगाम आपल्याकडे १९६५ पासून बेकायदा आहे. गाडी ओढणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्राने केलेल्या नियमांतला आठवा नियम काटे, गाठी किंवा टोकं असलेला लगाम वापरायला सरळ मनाई करतो, स्वारीसाठीसुद्धा. तरी तो दिसतो.

जखमा बाहेरून क्वचितच दिसतात. रपेट संपल्यावर ओठ उचलून, टॉर्च लावून तोंडाचे कोपरे आणि दातांमधली ती मोकळी जागा बघावी. लाल दिसलं तर कांडी बंद, काही दिवस यांत्रिक हॅकमोर, म्हणजे तोंडात कांडी नसलेला लगाम. त्यातही तरफ आहेच, फक्त ती नाकावर पडते. त्याचा पट्टा नाकाच्या हाडावर वरच बसवावा, कारण खाली हाड पातळ होत जातं आणि नाकपुड्यांचा श्वास अडतो.