नाणेघाट : दोन हजार वर्षांची पायवाट

मुलांनो, तुमच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता किती वर्षांचा असेल? वीस? पन्नास? आजोबांना विचारलंत तर ते म्हणतील, "अरे, आमच्या लहानपणी इथे नुसती शेतं होती!" आज मी तुम्हाला ज्या वाटेवर नेणार आहे, ती मात्र आजोबांच्या आजोबांच्याही खूप आधीची आहे. किमान दोन हजार वर्षं माणसं या वाटेनं चालत आली आहेत. तिचं नाव नाणेघाट.

आधी महाराष्ट्राचा नकाशा काढा बरं! समुद्राकाठचं सोपारा, म्हणजे आजचं नालासोपारा, शोधा. मग खाडीकाठचं कल्याण. आता उजवीकडे सरका. जुन्नर सापडलं? त्याच्याही पुढे गोदावरीकाठी पैठण आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पैठण ही सातवाहन राजांची राजधानी होती आणि कल्याण-सोपारा ही गजबजलेली बंदरं होती. त्या काळातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक भाषेतल्या पुस्तकात या दोन्ही बंदरांचा उल्लेख आहे. पण बंदर आणि राजधानी यांच्या मधे काय आहे, पाहिलंत? सह्याद्रीची उभी भिंत! माल वर न्यायचा तर या भिंतीत फट हवी. ती फट म्हणजेच नाणेघाट.

चला, निघू या

कल्याणहून मुरबाडकडे जाणारी एसटी पकडायची. मुरबाड, टोकावडे मागे टाकलं, की वैशाखरे गाव येतं. त्याच्या थोडं पुढे महामार्ग सोडायचा आणि पायवाटेला लागायचं. आम्ही डिसेंबरात गेलो होतो. सकाळचं गार वारं, पाठीवर पिशवी, पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भरपूर पाणी. सुरुवातीला वाट रानातून सपाटीवर जाते. करवंदाच्या जाळ्या, कारवीची झुडपं, मधेच एखादा पक्षी शीळ घालतो. समोर मान वर करून पाहिलं, की एक प्रचंड सुळका दिसतो. हा 'नानाचा अंगठा'. घाटाची खिंड त्याच्या शेजारीच आहे, त्यामुळे वाट चुकल्यासारखी वाटली तर अंगठ्याकडे पाहायचं!

चढण लागली, की दम लागतो. मग जरा थांबायचं आणि समोरच्या कड्याकडे नीट पाहायचं. कड्यावर आडवे पट्टे दिसतात ना? एकावर एक थालीपिठं रचावीत तसे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांमधून पुन्हा पुन्हा लाव्हा वाहत आला, थर पसरले आणि थंड झाले. त्यातूनच हा काळा दगड, म्हणजे बसाल्ट, तयार झाला. तुम्ही एकेक थर चढून वर जाता. वर जाता जाता दगडात खोदलेल्या पायऱ्या लागतात. कड्यात कोरलेली पाण्याची टाकीही दिसतात. तहानलेल्या वाटसरूंसाठी केलेली ही सोय!

भिंतीवरचा हिशेब

खिंडीच्या थोडं अलीकडे एक मोठी चौकोनी गुहा आहे. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावू द्या. मग डाव्या-उजव्या भिंतींवर अक्षरं दिसू लागतात. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. हा लेख सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा, असं अभ्यासक मानतात. इंद्र, चंद्र, सूर्य, यम, वरुण, कुबेर अशा देवांना वंदन करून पुढे त्यात यज्ञांची आणि दानांची यादी दिली आहे. गाई किती, हत्ती किती, घोडे किती, नाणी किती, सगळं आकड्यांत! एका ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती दिल्याची नोंद आहे.

आता गंमत पाहा. हे आकडे लिहिताना शून्य वापरलेलंच नाही! तुम्ही १७०० कसे लिहाल? एक, सात आणि पुढे दोन शून्यं. इथे मात्र हजाराचं चिन्ह वेगळं, सातशेचं वेगळं. ती दोन्ही शेजारी शेजारी मांडली, की झाले १७००. दहाचं चिन्ह वेगळं, विसाचंही वेगळं. आपल्या गणिताच्या वहीतल्या अंकांच्या पूर्वजांपैकी हे फार जुने. इतके अंक एकाच जागी लिहिलेले असल्यामुळे अंकांच्या अभ्यासात नाणेघाटाचं नाव जगभर घेतलं जातं.

इंग्रज अधिकारी विल्यम साइक्स यांनी १८२८ मध्ये हा लेख पाहिला आणि त्याकडे विद्वानांचं लक्ष वेधलं. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातल्या अंकांचा अभ्यास करून १८७६ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

आता मागची भिंत पाहा. तिथे एकेकाळी राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. वर त्यांची नावं कोरली होती : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका म्हणजेच नागनिका, राजा सातकर्णी, कुमार हकुसिरी... मूर्ती कधीच फुटून गेल्या. खाली राहिल्या फक्त पावलांच्या खुणा. सम्राटांचं काय उरलं, तर नाव आणि पावलं!

रांजण आणि उलटा धबधबा

गुहेतून वर आलं, की दोन कातळभिंतींमधली अरुंद खिंड लागते आणि तुम्ही घाटमाथ्यावर पोचता. तिथे दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. व्यापारी जकातीची नाणी यात टाकत, असं पूर्वापार सांगतात. इथून जुन्नर फार दूर नाही. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत आणि त्यांतल्या दानलेखांत इरिल, चंद, चिट अशी यवनांची, म्हणजे परदेशी लोकांची, नावं आहेत. शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो शिवनेरीही तिथेच आणि घाटाच्या अगदी उशाशी जीवधन किल्ला. एवढे किल्ले इथे का, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. वाटेची राखण करायला!

पावसाळ्यात इथे आणखी एक नवल दिसतं. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून इतक्या जोरानं वर चढतो, की खाली पडणारं पाणी उलटं वर उडतं. पण हे नवल लांबूनच पाहायचं. ओला कातळ निसरडा असतो आणि कड्याला कठडा नाही. फोटोसाठी कडेवर जायचं नाही म्हणजे नाही!

एक विनंती

आपल्या किती तरी गडांवर आणि लेण्यांत भिंतींवर नावं खरडलेली दिसतात. कुणी खडूनं, कुणी खिळ्यानं. नाणेघाटातली अक्षरं वाऱ्यापावसानं आधीच झिजली आहेत. काही ओळींत मधली अक्षरं गळल्यामुळे विद्वानांना आजही अर्थ नीट लावता येत नाही. अशा भिंतीवर एक ओरखडा म्हणजे पुस्तकातलं एक पान फाडणं. आणि ही प्रत एकच आहे, बरं का! दुसरी कुठून आणणार?

म्हणून सोबत वही-पेन्सिल न्या. भिंतीला हात न लावता ती चिन्हं वहीत उतरवून घ्या. घरी आल्यावर ब्राह्मी अंकांच्या तक्त्याशी ताडून पाहा, किती ओळखू येतात ते.

आईबाबांसाठी दोन शब्द : कोकणातून चढायला मुलांसह तीनेक तास धरा, माहीतगार माणूस सोबत घ्या आणि अंधारापूर्वी परतता येईल अशा बेतानं निघा. चढणं जमणार नसेल, तर जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी घाटमाथ्यापर्यंत जाते आणि तिथून गुहा थोडीशी खाली उतरलं की येते. पण शक्य असेल तर पायीच चढा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हमालाला पाठीवर ओझं घेऊन काय वाटलं असेल, ते गाडीत बसून कसं कळणार?