विटांच्या आतलं लाकडी घर

इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनजवळ मोझली ओल्ड हॉल नावाचं घर आहे. लाल विटांचं, नीटनेटकं, एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या बऱ्या परिस्थितीच्या शेतकऱ्याचं वाटावं असं. आत पाऊल टाकलं, की काळ एकदम 1600 च्या आसपास जातो. लाकडी फळ्यांनी मढवलेल्या भिंती, ओकच्या तुळया. कारण घर मुळात लाकडीच आहे. विटांचा अंगरखा त्यावर 1870 च्या सुमारास चढला.

असा अंगरखा चढवता येतो, कारण या घरांची उभारणीच वेगळी. सुतार आधी ओकचा सांगाडा जुळवायचे. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला खाच, आणि सांध्यात आरपार ओकचीच खुंटी. मधल्या चौकटी काठ्या विणून, त्यावर माती-शेणाचा गिलावा देऊन भरायच्या. कोकणातला कूड पाहिलेल्याला हे वेगळं समजवायला नको. भार सगळा सांगाड्यावर. भिंत नुसता आडोसा. त्यामुळे छपराला हात न लावताही भिंतीचं रूप पालटता येतं.

लंडनमध्ये विटा आल्या त्या आगीच्या धाकाने. 1666 च्या अग्निकांडानंतर कायद्यानेच विटा-दगडाचं बांधकाम सक्तीचं झालं. खेड्यांत असा धाक नव्हता. तिथे ओलीने कुजणारं लाकूड आणि बदलती आवड, एवढंही कारण पुरे.

मोझलीचं नाव मात्र वास्तुकलेमुळे झालेलं नाही. 3 सप्टेंबर 1651 रोजी वूस्टरच्या लढाईत पार्लमेंटच्या फौजेकडून हरलेला राजा दुसरा चार्ल्स 8 तारखेच्या पहाटे, वेष पालटून, सुजलेल्या पायांनी इथे पोचला. (पुढे हुंड्यात मुंबई मिळाली ती यालाच, 1668 मध्ये त्याने ती वर्षाला 10 पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.) घरमालक टॉमस व्हिटग्रीव्ह कॅथलिक होता आणि बंदी असलेल्या कॅथलिक धर्मगुरूंना दडवण्यासाठी घरात एका खोलीच्या जमिनीखाली चोरकप्पा होता. पार्लमेंटचे शिपाई व्हिटग्रीव्हला धरायला आले, तेव्हा सहा फुटांहून उंच चार्ल्स त्या कप्प्यात अंग चोरून बसला होता. लढाईच्या वेळी आपण आजारी होतो, हे व्हिटग्रीव्हने शिपायांना कसंबसं पटवलं.

1962 मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे आलं. जुनं रूप परत आणायचं म्हणून ट्रस्टने विटा उतरवल्या नाहीत, हे बरंच झालं. नाहीतर नव्या लाकडाचं नाटक उभं राहिलं असतं. आता समोर 1640 च्या आराखड्यावरून लावलेली बाग आहे, तिच्यामागे व्हिक्टोरियन विटा, आणि विटांच्या आड तो कप्पा.