दर चौदा दिवसांनी, थेट मेंदूत

बारावीच्या बायोलॉजीत लायसोसोम म्हणजे पेशीची 'सुसाइड बॅग', एवढं पाठ केलं की मार्क पक्का. पण रोजच्या कामात लायसोसोम हे पेशीचं कचरा-डेपो. तिथे कचरा फोडणारं एकच एन्झाइम जन्मापासून नसेल तर काय होतं, हे सीएलएन-२ या आजारात दिसतं.

बॅटन आजारांच्या कुटुंबातला हा दुर्मीळ प्रकार. टीपीपी-१ नावाचं एन्झाइम नसल्यामुळे मेंदूच्या पेशींत कचरा साठत जातो. बाळ सुरुवातीला अगदी नॉर्मल असतं. दोन ते चार वर्षांच्या दरम्यान बोलणं मागे पडतं, फिट येऊ लागतात. मग चालणं जातं, नजर जाते. उपचार नसतील तर बहुतेक मुलं विशीही गाठत नाहीत. आईबाबा स्वतः ठणठणीत असतात, पण दोघांकडेही सदोष जीनची एकेक प्रत असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के.

मग एन्झाइम बाहेरून द्या ना! अडचण अशी, की रक्तातून दिलेलं हे एन्झाइम मेंदूत शिरतच नाही. त्यामुळे ऑपरेशन करून डोक्याच्या त्वचेखाली एक छोटी टाकी बसवतात. तिची नळी मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीत सोडलेली असते. दर चौदा दिवसांनी त्यातून ३०० मिलिग्रॅम औषध जातं, साधारण साडेचार तास. औषधाचं नाव सर्लिपोनेज अल्फा, ब्रँड ब्रिन्युरा. मुलांच्या आधी हे एन्झाइम तपासलं गेलं ते असाच जीनदोष असलेल्या डॅशहंड कुत्र्यांवर!

फरक पडतो का? 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१८ साली अभ्यास आला. चालणं आणि बोलणं मिळून सहा गुणांची मोजपट्टी होती. उपचार न मिळालेल्या मुलांचे ४८ आठवड्यांत सरासरी २.१२ गुण घसरले, उपचार मिळालेल्यांचे ०.२७. म्हणजे आजार बरा होत नाही, घसरण मंदावते. मेंदूत दिलेलं औषध नजर मात्र वाचवत नाही. म्हणूनच लवकर सुरुवात महत्त्वाची. अमेरिकेत २०१७मध्ये तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी आणि २०२४मध्ये त्याहून लहानांसाठीही मंजुरी मिळाली.

आता पैशांचं. अमेरिकेत सुरुवातीला जाहीर झालेली किंमत होती वर्षाला ७ लाख २ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेचार कोटींच्या आसपास. आपल्याकडे दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात मुंबईच्या केईएमसारख्या केंद्रांतून रुग्णाला जास्तीत जास्त ५० लाखांची मदत मिळू शकते. त्या किमतीने हिशेब केला तर तीन डोसही पूर्ण होत नाहीत. वर्षाला लागतात २६.

किंमत आपल्या हातात नाही, वेळ थोडाफार आहे. घरातल्या, शेजारच्या तीन वर्षांच्या पोराचं बोलणं मागे असेल आणि त्यात फिटही येत असेल, तर 'काही मुलं उशिरा बोलतात गं' म्हणून थांबू नका. टीपीपी-१ची रक्ततपासणी करायची का, एवढं न्यूरोलॉजिस्टला नक्की विचारायला सांगा.