शस्त्रक्रियेआधीचा पंधरवडा

तीस वर्षे आम्ही कारखान्यांच्या फाटकांबाहेर उभे राहून लोकांच्या पोटासाठी भांडलो. आज त्याच पोटात थोडे कमी घाला असे सांगावयास उभे राहिलो, याचे कोणास हसू येईल. पण वागळे इस्टेटमध्ये काय नि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत काय, आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचे रूप बदलले आहे. पूर्वी माणूस अशक्तपणाची चिठ्ठी घेऊन येई. आता तो साखर, रक्तदाब आणि घोरणे यांचे कागद घेऊन येतो आणि विचारतो, “भाऊ, वजनासाठी पोटाचे ऑपरेशन सांगितले आहे. त्याआधी पंधरा दिवस जवळजवळ उपाशी ठेवणार म्हणतात. ही शिक्षा कशासाठी?”

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेपुरते. पण ज्याचे उत्तर येत नाही ते जाणत्याला विचारावे आणि समजले की चारचौघांस सांगावे, एवढे चळवळीने शिकविले आहे.

ही शस्त्रक्रिया दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छिद्रांतून करतात. एका प्रकारात जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करतात. दुसऱ्यात जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. दोन्हींत सर्जनला जठराच्या वरच्या टोकापर्यंत पोचावे लागते, आणि तेथे आडवा येतो यकृताचा डावा भाग. तो उचलून धरल्यावाचून पुढचे दिसत नाही. लठ्ठ माणसाचे यकृत बहुधा चरबीने फुगलेले, जड आणि नाजूक असते. उचलताना त्याला इजा होऊन रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आधी यकृत लहान करावयाचे. पंधरवड्याचे पथ्य ते यासाठी.

यकृत हे शरीराचे कोठार आहे. त्यात साखरेचा साठा असतो आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. घरातली आवक कमी झाली की गृहिणी आधी डब्यातले धान्य काढते, मग कणगीत हात घालते. शरीराचेही तसेच. पहिल्या काही दिवसांत ही साखर व पाणी जाते, आणि मागोमाग यकृतातली चरबी उतरू लागते. कमरेचा घेर दिसण्याजोगा कमी होण्याआधीच दोन ते चार आठवड्यांत यकृत आक्रसते.

या पथ्यात दिवसाला साधारण ८०० ते १००० उष्मांक देतात. दोन वडापाव आणि साखरेचे दोन-तीन चहा घेतले की ८०० संपलेच म्हणा. म्हणून भात, पाव, साखर व तळण आवरतात आणि ताक, पनीर, अंड्यातला पांढरा भाग, डाळीचे कढण, भाज्या यांवर भर देतात. स्नायू झिजू नयेत म्हणून प्रथिने मात्र तोडत नाहीत.

यातून एक मोठा प्रश्न उभा राहिला. शस्त्रक्रियेनंतर वजन उतरण्याआधीच, थोड्या दिवसांत, मधुमेह्याची साखर खाली येते. हा गुण सुरीचा की कमी खाण्याचा? इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ११ मधुमेह्यांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० उष्मांक दिले. पहिल्याच आठवड्यात त्यांची उपाशीपोटीची साखर सामान्य झाली. पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, वर्षाअखेरीस ४६ टक्के लोक औषधांवाचून मधुमेहमुक्त होते. मधुमेह होऊन फार वर्षे झाली नव्हती, अशांचे हे प्रयोग. दोन वर्षांनी हा आकडा ३६ टक्क्यांवर आला, कारण वजन परत येते. शस्त्रक्रिया अनावश्यक ठरली असा याचा अर्थ नव्हे. पण पथ्य हाही उपचारच आहे, हे सिद्ध झाले.

आता आपल्या घरची गोष्ट. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांनी २००४ साली आपलीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! काटा सारखा, आतला माल वेगळा. आपला माणूस सडपातळ दिसूनही आतून चरबीचा असू शकतो, आणि म्हणून कमी वजनावरच आजारी पडतो.

हे ध्यानात घेऊन २०२२ साली या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार २७.५ निर्देशांकापासून व्हावा असे सुचविले. उलट आपल्या विमा नियामकाच्या २०१९ सालच्या सूचनांत विम्याचा आकडा ४०, किंवा गंभीर आजार जोडीला असल्यास ३५, असा आहे. आजार आपल्या मापाने येतो आणि विमा परक्या मापाने मोजतो. ही तफावत मांडणे हे संघटनांचे काम आहे.

आणि आमची एक चूक कबूल केली पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका कामगाराचा या पंधरवड्यासाठीचा रजेचा अर्ज ‘हा काही आजार नव्हे’ म्हणून परत आला. आम्ही भांडलो नाही. वजन उतरविण्यासाठी कसली रजा, असे आम्हांलाही वाटले. तो पथ्यावरच रात्रपाळीला उभा राहिला. जेवण निम्म्याहून कमी झालेले, इन्सुलिन मात्र पूर्वीइतकेच. ते कमी करण्याचे त्याला कोणी सांगितले नव्हते. पहाटे घाम फुटला, हातपाय कापू लागले, आणि तो चालत्या यंत्राशेजारी खाली बसला. सोबत्याने ओळखून साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले.

तेव्हा सांगणे इतकेच. हे पथ्य ऐकीव माहितीवर, मनाने कोणी करू नये. इन्सुलिन, साखरेच्या व रक्तदाबाच्या गोळ्या यांचे माप पथ्याच्या पहिल्या दिवसाआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. कोणती गोळी केव्हा थांबवायची तेही विचारावे. गरोदर बायका आणि मूत्रपिंडाचे रोगी यांनी तर विशेष जपावे. आणि मालकांनी व आम्हां संघटनावाल्यांनी हा पंधरवडा शस्त्रक्रियेचाच भाग मानून त्याला रजा किंवा हलके काम द्यावे व मिळवून द्यावे. तो अर्ज पुन्हा आमच्या टेबलावर आला, तर या खेपेस आम्ही भांडू.