'सॉल्टबर्न' : हवं असणं आणि तो होणं

आज आपण इच्छेबद्दल बोलणार आहोत, आणि आधार घेणार आहोत एमरल्ड फेनेल यांच्या 2023 सालच्या 'सॉल्टबर्न' या सिनेमाचा. शेवट सांगावाच लागणार, त्याला आमचा नाइलाज आहे.

2006 सालचं ऑक्सफर्ड. ऑलिव्हर क्विक हा शिष्यवृत्तीवर आलेला, एकटा पडलेला मुलगा. फेलिक्स कॅटन उमरावाच्या घरातला, सगळ्यांना हवाहवासा. ऑलिव्हर सांगतो, घरी व्यसनं, आता वडीलही गेले. फेलिक्स हळहळतो आणि सुट्टीत त्याला आपल्या सॉल्टबर्न या वाड्यावर नेतो. पुढे कळतं की वडील धडधाकट आहेत, घर खाऊनपिऊन सुखी आहे.

हे खोटं कशासाठी? बघा, मध्यमवर्गीय मुलगा कॅटन मंडळींच्या काही उपयोगाचा नव्हता. त्यांना दुःख हवं होतं, तेही जेवणाच्या टेबलावर चघळायला. पामेला नावाची दुःखी पाहुणी कंटाळवाणी झाली, की तिला वाटेला लावतात. ऑलिव्हरने मागणी ओळखली आणि तसा माल पुरवला.

पण त्याला नेमकं काय हवंय? फ्रेंच विचारवंत रने जिरार यांनी 1961 च्या ग्रंथात मांडलं की, आपण वस्तूची इच्छा सरळ करत नाही. दुसऱ्याकडे बघून करतो. खोलवर हवं असतं ते त्या दुसऱ्याचं असणंच. तो लांब असेल तर आदर्श राहतो, एका छताखाली आला की प्रतिस्पर्धी होतो. फेलिक्सच्या अंघोळीचं टबातलं पाणी ऑलिव्हर पितो, त्या प्रसंगाची लोकांना किळस आली. ती येणारच. पण त्यात नुसती वासना नाही, तो फेलिक्सला गिळू पाहतोय.

शेवटी सगळे मेलेले, वाडा त्याच्या नावावर, आणि हा रिकाम्या दालनांतून नागडा नाचतोय. इथे हेगेल आठवतो: समोरच्याला मारून टाकलं, की आपल्याला मान्यता द्यायला कुणी उरत नाही.

मात्र त्याआधी फेनेलबाई फ्लॅशबॅकमधून दाखवतात की सगळं ठरवूनच होतं, अगदी फेलिक्सच्या सायकलचं पंक्चरसुद्धा. आमच्या मते सिनेमा इथेच उणा पडतो. सगळा डावच होता म्हणावं, तर फेलिक्सच्या कबरीवर पडून तो रडला ते कुणाला दाखवायला? तिथे तर बघणारं कुणीच नव्हतं.