पहिली आमरी कोणती लावावी?

(इयत्ता ४ थी)



ऑर्किड हे नाव तुम्ही ऐकले असेल. मराठीत त्याला आमरी म्हणतात. पुष्कळांना वाटते की आमरी म्हणजे बंगल्यातले महागडे झाड. पण ती आपल्या आलापल्लीतही आहे बरं का! आंब्याच्या, मोहाच्या फांदीवर आपण ती पाहतो आणि बांडगूळ समजून पुढे जातो. ज्याला पहिल्यांदाच आमरी लावायची असेल त्याने हीच लावावी. का ते सांगते.

शहरातल्या दुकानात फुलपाखरासारख्या मोठ्या फुलांची आमरी मिळते. दिसते छान, पण तिला दमट हवा आणि गार सावली लागते. आपल्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तिथे ती बिचारी कशी टिकणार? आपली आमरी इथलीच आहे. तिला इथल्या उन्हाची सवय आहे. तिची पाने जाड असतात व त्यांत पाणी साठलेले असते.

या आमरीला वांदा म्हणतात. हा शब्द संस्कृतातून आला आणि आता जगभर चालतो. सिंगापूर देशाने १९८१ साली आपले राष्ट्रीय फूल निवडले, त्यालाही वांदा मिस जोकिम म्हणतात. आपल्या वांद्याची पाने लांब, अरुंद आणि दोन ओळींत असतात. फूल पिवळसर, त्यावर तपकिरी चौकटी आणि मधली पाकळी निळसर जांभळी. वासही गोड येतो.

आता बांडगूळ आणि आमरी यांतला फरक ऐका. बांडगुळाचे मूळ फांदीच्या आत शिरते आणि तिचा रस पिते. जिथे ते चिकटते तिथे गाठ येते. पुढे फांदी वाळते. आमरी नुसती सालीवर बसते. तिची पांढरी जाड मुळे बाहेरच लोंबतात. ती पावसाचे व दवाचे पाणी शोषतात. मूळ ओले केले की हिरवे दिसते आणि सुकले की पुन्हा पांढरे. आमरी आपले अन्न स्वतः तयार करते. म्हणजे बांडगूळ चोर आहे आणि आमरी नुसती पाहुणी.

हा फरक माहीत असला पाहिजे, नाहीतर आमरी चुलीत जाते. मागच्या वर्षी मे महिन्यात वादळ आले आणि आमच्या सांदवाडीतल्या आंब्याची फांदी मोडली. तिच्यावर तीन आमऱ्या होत्या. बाबा म्हणाले, "बांडगूळ आहे, सरपणात टाक." मी म्हटलं, "बाबा, थांबा नं!" आणि एका मुळावर पाणी शिंपडले. मूळ हिरवे झाले. आबाजींनीही वाकून पाहिले. ते म्हणाले, "पोरगी बरोबर बोलते, राहू दे." तिन्ही आमऱ्या वाचल्या. एक पुढे बकरीने खाल्ली. दोन आहेत. एकीला या एप्रिलमध्ये सहा फुले आली. आता बाबाच पाहुण्यांना दाखवतात.

लावायची रीत अशी :

१) आपल्याच आवारात किंवा बांधावर मोडून पडलेल्या फांदीवरची आमरी घ्या. नाहीतर रोपवाटिकेतून आणा.

२) मृगाचा पाऊस पडला की बांधा.

३) आंब्याचे झाड निवडा. आपल्याकडे साग पुष्कळ, पण सागाची पाने उन्हाळ्यात गळतात. नेमकी तेव्हाच आमरीला सावली हवी असते. आंबा बाराही महिने हिरवा असतो. सालही खरखरीत, मुळे चांगली धरतात.

४) सुतळीने किंवा जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधा. तार नको, तार रुतते.

५) कुंडीत माती घालून लावू नका. मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात.

६) पावसाळ्यात पाणी घालायचे काम नाही. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांनी शिंपडा. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ मुळांवर शिंपडा. पोंग्यात पाणी साचू देऊ नका.

७) बकरी पोचणार नाही इतके उंच बांधा.

जंगलातून मात्र आमरी आणू नका. राखीव जंगलातून झाड काढणे हा गुन्हा आहे. आपले आलापल्लीचे वनवैभव २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रातले ते पहिलेच. शिवाय आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. एका शेंगेत हजारो बिया, पण त्यांत अन्नाचा साठा नसतो. एका प्रकारची बुरशी भेटली तरच ते रुजते. मग फूल यायला कितीतरी वर्षे लागतात. एक आमरी जाळायला एक मिनिट पुरते, पण तेवढी दुसरी व्हायला फार वेळ लागतो.

तेव्हा मित्रांनो, या पावसाळ्याआधी आपापल्या घरचे आंबे नीट पाहा. फांदीवर हिरवे काही दिसले तर आधी मूळ पाहा. आत शिरले आहे की बाहेर लोंबते आहे? बाहेर लोंबत असेल तर घरच्यांना सांगा, "तोडू नका, ही आमरी आहे."